अंशदानापासून विक्रीपर्यंत : आरोग्य विमा, हथखोजचा कामगार आणि कॉल सेंटरमधील श्रम

१. प्रास्ताविक

मराठीतील कामगारविषयक इतिहासलेखनाने आपले सर्वाधिक लक्ष मुंबईच्या गिरणगावावर केंद्रित केले, हे स्वाभाविकच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनची स्थापना केली, तेव्हापासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या सार्वत्रिक संपापर्यंत सुमारे शंभर वर्षांचा एक सलग पट या लेखनास उपलब्ध होता. पाळी, खाते, मुकादम, चाळ, संघटना आणि संप या संज्ञांनी त्या पटाची वीण घातलेली आहे. संपानंतर गिरण्यांच्या काही जागांवर कार्यालयांची संकुले उभी राहिली आणि त्यांत नव्या प्रकारचे श्रम करणारी पिढी दाखल झाली. कानावर हेडसेट, समोर संगणकाचा पडदा आणि दिवसभर बोलणे हेच काम, असे या श्रमांचे स्वरूप आहे. हे श्रम कामगार-इतिहासाच्या चौकटीत अद्याप पुरेसे सामावले गेलेले नाहीत.

प्रस्तुत निबंधात या श्रमांपैकी एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे दूरध्वनीवरून आरोग्य विमा विकण्याच्या कामाचा, ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. विवेचनाचे स्थान म्हणून भिलाईनजीकचे हथखोज निवडले आहे. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील हे मूळचे खेडे आज अवजड उद्योगांची वसाहत म्हणून ओळखले जाते. पोलादाची जोडकामे, ओतकाम आणि यंत्रभागांची घडण करणाऱ्या कारखान्यांचा हा परिसर आणि एखाद्या महानगरातील वातानुकूलित कॉल सेंटर यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. तो संबंध ग्राहक आणि विक्रेता एवढाच नाही. हथखोजचा कामगार आणि कॉल सेंटरमधील टेलिकॉलर हे दोघेही १९४० च्या दशकात आखल्या गेलेल्या एकाच सामाजिक विमा-व्यवस्थेचे, निदान कायद्याच्या दृष्टीने, वारसदार आहेत. त्या व्यवस्थेत विमा विकावा लागत नव्हता. तो विकावा लागू लागला तेव्हाच टेलिकॉलरच्या कामाचा जन्म झाला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. विक्रेत्याविना विमा

औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाचा विमा असावा, हा विचार भारतात पहिल्या महायुद्धानंतर रुजू लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२७ मध्ये आजारविम्याविषयीचे करार संमत केले. त्यानंतर आलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरनेही या प्रश्नाची दखल घेतली. प्रत्यक्ष योजनेस आकार आला तो मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी आपला अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर केला. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती (१९४२-४६). भारतातील सामाजिक विम्याच्या मूळ आराखड्यामागे ही दोन मराठी माणसे होती, ही बाब मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आडारकर यांच्या योजनेचे सूत्र साधे होते. विमा सक्तीचा असावा, तो अंशदायी असावा, त्याची रचना सुटसुटीत असावी आणि तंट्याबखेड्यांस कमीत कमी वाव राहावा. या सूत्रातील प्रत्येक शब्द पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विमा सक्तीचा असल्यामुळे धडधाकट आणि आजारी, तरुण आणि वयस्क असे सर्वच कामगार एका निधीत एकत्र येत. कोणाला घ्यावे व कोणाला वगळावे, हा प्रश्नच उद्भवत नसे. अंशदान वेतनाच्या प्रमाणात असल्यामुळे ज्याचे वेतन कमी त्याची वर्गणी कमी, उपचाराचा हक्क मात्र सारखाच, हे तत्त्व प्रस्थापित होत होते. परिणामी या विम्यास विक्रेत्याची, दलालाची किंवा जाहिरातीची गरज नव्हती. कामगाराचे नाव हजेरीपटावर चढले की तो विमेदार होत असे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी या आराखड्याची पाहणी केल्यानंतर विधेयक आले आणि १९४८ मध्ये एम्प्लॉईज स्टेट इन्शुरन्स अ‍ॅक्ट संमत झाला. मराठीत 'राज्य कामगार विमा' या नावाने ही योजना परिचित आहे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि त्याच सुमारास ती दिल्लीतही अमलात आली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबई येथे लागू करण्यात आली. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती आणि दुर्ग जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ व दुर्ग यांचे प्रशासकीय मार्ग वेगळे झाले. तथापि, नागपूरच्या गिरणी कामगाराला जो कायदा लागू झाला, तोच पुढे भिलाईच्या परिसरातील कारखान्यांनाही लागू होणार होता.

३. भिलाईतील संरक्षणाचे थर

१९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच क्रमांकित सेक्टरांची एक आखीव नगरी वसली. तीत घर, शाळा आणि रुग्णालय या तिन्ही गोष्टी नोकरीशी जोडलेल्या होत्या. सेक्टर ९ मधील रुग्णालय हे या नगरीतील वैद्यकीय संरक्षणाचे केंद्र ठरले. कायम कामगार आणि त्याचे कुटुंब यांच्यासाठी उपचार हा नोकरीचाच एक भाग होता.

या नगरीच्या सीमेबाहेर, पोलाद कारखान्याच्या गरजांवर आणि त्याच्या मालावर अवलंबून असणारे खाजगी कारखाने वाढत गेले. हथखोज हे त्या विस्ताराचे एक ठिकाण. येथील कामगारांची स्थिती निराळी होती. कायद्याप्रमाणे राज्य कामगार विमा लागू होण्यासाठी नाव नोंदलेले असणे आवश्यक. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांच्या अंशदानाची जबाबदारीही कायद्याने मुख्य मालकावर टाकलेली आहे. परंतु ज्याची नोकरीच कागदावर येत नाही, त्याच्यापर्यंत कायद्याचे संरक्षण पोहोचणार कसे, हा प्रश्न उरतोच.

१९९० नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांत छत्तीसगड मुक्ती मोर्चाने जे आंदोलन उभारले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर झालेल्या पोलीस गोळीबारात आंदोलक कामगार मृत्युमुखी पडले. कागदावर नाव येणे ही मागणी वरवर प्रशासकीय वाटते. परंतु राज्य कामगार विम्याच्या दृष्टीने पाहता तीच उपचाराच्या हक्काचे प्रवेशद्वार होती.

याच चळवळीने आरोग्याच्या क्षेत्रात एक स्वतंत्र उत्तरही शोधले होते. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींच्या कामगारांनी आपल्या संघटनेच्या बळावर ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू केले. १९७७ च्या जूनमधील गोळीबारात बळी पडलेल्या अकरा जणांच्या स्मृत्यर्थ ते नाव देण्यात आले. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून उभे राहिलेले हे रुग्णालय म्हणजे अंशदानाच्या कल्पनेचे लोकांनी स्वतः घडविलेले रूप म्हणता येईल. येथेही विमा विकला गेला नाही. आजारपण ही सर्वांची जबाबदारी मानली गेली.

अशा प्रकारे भिलाईच्या परिसरात संरक्षणाचे निरनिराळे थर निर्माण झाले. पोलाद कारखान्याच्या कायम नोकरांसाठी मालकाचे रुग्णालय, नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांसाठी राज्य कामगार विमा, खाण कामगारांसाठी त्यांच्याच संघटनेचे रुग्णालय आणि उरलेल्यांसाठी काहीच नाही. छोटे दुकानदार, वाहनचालक, खाजगी शिक्षक, नोंद नसलेले कंत्राटी कामगार आणि कायम नोकरांची वेगळा व्यवसाय धरलेली मुले हे सर्व या शेवटच्या थरात मोडत. दूरध्वनीवरून आरोग्य विमा विकणाऱ्या व्यवसायाला याच थरात आपला ग्राहक दिसला.

४. विमा बाजारात येतो

व्यक्तीने स्वतः हप्ता भरून घ्यावयाचा आरोग्य विमा भारतात तुलनेने उशिरा आला. आयुर्विम्याची परंपरा जुनी होती. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सातारा येथे अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी स्थापन केली होती. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तर १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा-संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन होऊन सर्वसाधारण विमाही सरकारी झाला. या कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' ही पॉलिसी बाजारात आणली. रुग्णालयात दाखल झाल्यावर होणाऱ्या खर्चाची ठरावीक रकमेपर्यंत भरपाई, असे तिचे स्वरूप होते. आयकरातील सवलतीची जोड मिळाल्याने पगारदार मध्यमवर्गात ती परिचित झाली.

या काळातील विक्रेता म्हणजे विमा एजंट. तो बहुधा ओळखीतला असे. घरी येई, चहा घेई, कुटुंबातील आजारपणाची त्याला आधीच माहिती असे आणि दाव्याच्या वेळी कागदपत्रे भरून देण्याची जबाबदारीही पुष्कळदा तोच उचली. त्याच्या बोलण्याची नोंद कोठेही राहत नसे. परंतु तो स्वतः राहत असे. वचन देणारा माणूस त्याच गावात उपलब्ध असणे, हीच त्या व्यवहारातील हमी होती. या पद्धतीतही गैरप्रकारांना वाव होता, हे नाकारता येत नाही. तथापि विक्री आणि सेवा ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे होती, हा तिचा विशेष नोंदविला पाहिजे.

मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर विमा क्षेत्र खुले करण्याची प्रक्रिया सुरू झाली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणास वैधानिक दर्जा मिळाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना प्रवेश देण्यात आला. २००१ मध्ये थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे दाव्यांची हाताळणी करणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी नियम झाले. 'कॅशलेस' हा शब्द पुढे मराठी घरांत सर्रास रुळला. २००६ पासून केवळ आरोग्य विम्याचा व्यवसाय करणाऱ्या स्वतंत्र कंपन्याही आल्या. विक्री, वैद्यकीय छाननी, सेवा आणि दाव्यांचा निपटारा ही कामे आता निरनिराळ्या संस्थांत विभागली गेली. एजंटाच्या एका व्यक्तिमत्त्वात सामावलेले व्यवहार असे सुटे झाले आणि त्यांपैकी 'बोलणे' हा भाग कॉल सेंटरकडे गेला.

५. आवाजाचे श्रम

भारतातील कॉल सेंटरची पहिली प्रतिमा परदेशी ग्राहकांशी इंग्रजीत बोलणाऱ्या, रात्रपाळीच्या तरुण-तरुणींची होती. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर हा व्यवसाय झपाट्याने विस्तारला. महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये माहिती तंत्रज्ञान आणि तत्संबंधित सेवांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. मुंबई व पुणे ही या व्यवसायाची मोठी केंद्रे बनली. अभ्यासकांचे लक्षही प्रथम याच वर्गाकडे गेले. बाबू पी. रमेश यांनी नोएडातील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर आधारित लेखात २००४ मध्ये 'सायबर कुली' ही संज्ञा वापरली आणि आकर्षक कार्यालयामागील कडक देखरेखीकडे लक्ष वेधले. त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानसेविकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली होती. कामाचा भाग म्हणून विशिष्ट भावना व्यक्त करणे किंवा दाबणे, हा तिचा आशय होय.

आरोग्य विम्याची विक्री या दोन्ही चौकटींत बसते. परंतु तिचे काही वेगळेपणही आहे. हा व्यवसाय देशांतर्गत आहे. त्याच्या परिभाषेत त्याला 'डोमेस्टिक प्रोसेस' म्हणतात. तो मुख्यतः दिवसा चालतो आणि हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली अशा भाषांत चालतो. येथे इंग्रजी उच्चारांऐवजी स्वभाषेतील अघळपघळ, आपुलकीचे बोलणे हे कौशल्य ठरते. ताई, दादा, काका, काकू ही संबोधने घरातून उचलून कामाच्या ठिकाणी आणावी लागतात. भाषेची निवड बहुधा ग्राहकाच्या क्षेत्रावरून ठरत असल्याने छत्तीसगडकडे जाणारा कॉल हिंदीतून होणार हे गृहीत धरले जाते. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव या पट्ट्यातील मराठी कुटुंबांनाही तो हिंदीतच येतो. दोन्ही टोकांना मराठी माणूस असूनही संभाषण हिंदीत व्हावे, असे प्रसंग या व्यवस्थेत असंभवनीय नाहीत.

कामाचा क्रम साधारणतः असा असतो. संगणकातील 'डायलर' यादीतून क्रमांक लावतो. पलीकडून उत्तर आले की कॉल रिकाम्या टेलिकॉलरकडे वळविला जातो. पहिल्या काही क्षणांत स्वतःची ओळख, संस्थेचे नाव आणि बोलण्याची अनुमती. पुढे कुटुंबातील व्यक्ती, त्यांची वये, शहर, विम्याची रक्कम, हप्ता. त्यानंतर आजारपणाविषयीचे प्रश्न. अखेरीस रक्कम भरण्याचा दुवा आणि मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांद्वारे संमती. किती कॉल झाले, किती वेळ बोलणे झाले, दोन कॉलमध्ये किती अवधी गेला, या सर्वांची नोंद यंत्र आपोआप करते. महिन्याचे 'टार्गेट' आणि त्यावरील 'इन्सेन्टिव्ह' हे उत्पन्नाचे व अस्थैर्याचे दुसरे अंग. गिरणीतील साचा किती वार कापड काढतो यावर विणकराचा मेहनताना ठरत असे. येथे अंगावर कामाची ती पद्धत आवाजाला लागू झालेली दिसते.

६. प्रश्न, नोंद आणि पुरावा

या सर्व संभाषणाचा गाभा आजारपणाविषयीच्या प्रश्नात आहे. विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. जोखमीशी संबंधित असलेली कोणतीही महत्त्वाची माहिती विमा घेणाऱ्याने लपवू नये, ही त्याची पायाभूत अट होय. म्हणून टेलिकॉलरला विचारावे लागते : मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, नियमित औषध चालू आहे का? राज्य कामगार विम्यात हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारला जात नाही. सक्तीच्या निधीत तो अनावश्यक ठरतो, ऐच्छिक विम्यात मात्र तो अटळ बनतो. १९४४ च्या कल्पनेपासून झालेले स्थित्यंतर या एका प्रश्नात साठवलेले आहे आणि तो विचारण्याचे काम त्या व्यवस्थेतील सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यावर येऊन पडले आहे.

अर्जाला उत्तर 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकच हवे असते. माणसे तसे बोलत नाहीत. 'साखर थोडी वर असते, पण गोळी नाही', 'डॉक्टरांनी मागे एकदा बी. पी. सांगितला होता, आता बरे आहे', अशा धर्तीची उत्तरे येतात. हथखोजसारख्या परिसरातील कामगार खोकल्याविषयी सांगताना 'धुळीत सगळ्यांनाच होतो' असे म्हणू शकतो. जोडकाम आणि ओतकाम यांच्या धुरात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला जे सर्वसामान्य वाटते, ते विम्याच्या भाषेत पूर्वीपासून असलेला आजार ठरू शकते. अशा वेळी बोलीतील अर्धा होकार अर्जातील कोणत्या चौकटीत घालावयाचा, हा निर्णय टेलिकॉलरला काही सेकंदांत घ्यावा लागतो. 'हो' असे लिहिले तर वैद्यकीय तपासणी, वाढीव हप्ता, कदाचित नकार आणि गेलेली विक्री. 'नाही' असे लिहिले तर विक्री पूर्ण. वेतनाची रचनाच विक्रीशी बांधलेली असताना प्रामाणिक प्रश्नाची किंमत विचारणाऱ्यालाच मोजावी लागते. हा व्यक्तीच्या नीतिमत्तेपुरता प्रश्न नसून व्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे.

नियामकांनी याची दखल घेतली नाही असे नाही. २०११ मध्ये विमा प्राधिकरणाने दूरस्थ विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. टेलिकॉलरचे प्रशिक्षण, बोलण्याची निश्चित संहिता आणि संभाषणाचे ध्वनिमुद्रण यांना त्यांत स्थान मिळाले. पुढील नियमांत दूरध्वनीवरून विक्री करणाऱ्या व्यक्तीस 'ऑथराइज्ड व्हेरिफायर' असे नाव मिळाले. विकणाऱ्यालाच 'पडताळणारा' म्हणणारी ही संज्ञा त्याच्याकडून असलेल्या दुहेरी अपेक्षेची द्योतक आहे. दूरसंचार नियामकाने २००७ पासून नकोशा कॉलविरुद्ध नोंदवही आणली आणि २०१० व २०१८ मध्ये अधिक कडक नियम केले. २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने सेवाविषयक कॉलसाठी १६० ने आरंभ होणारी स्वतंत्र क्रमांक-मालिका सुरू केली. ग्राहकाच्या दृष्टीने ही पावले आवश्यकच होती. त्यांचा दुसरा परिणाम असा की टेलिकॉलरचा प्रत्येक शब्द पुरावा झाला.

जुन्या एजंटाच्या बाबतीत माणूस राहत असे, नोंद राहत नसे. आता नोंद राहते, माणूस राहत नाही. पॉलिसी घेतल्यानंतर दोन-तीन वर्षांनी दावा दाखल होतो, तेव्हा तो विमा विकणारी व्यक्ती अनेकदा दुसऱ्याच ठिकाणी काम करीत असते. ध्वनिमुद्रण संस्थेच्या ताब्यात असते. रुग्णाच्या नातेवाइकांसमोर केवळ छापील अटी आणि 'आम्हाला फोनवर असे सांगितले होते' ही आठवण उरते. दाद मागण्यासाठी विमा लोकपालाची यंत्रणा १९९८ पासून आहे आणि छत्तीसगडसाठीचे कार्यालय भोपाळ येथे आहे. २०२४ च्या नियमांनी पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही असे ठरविले, आणि पॉलिसी वाचून परत करण्यासाठी तीस दिवसांची मुदत दिली. या सुधारणांचा अर्थ असाही लावता येतो की फोनवरील त्या एका प्रश्नोत्तरावर पडलेला भार अवाजवी होता, हे व्यवस्थेने उशिरा का होईना मान्य केले.

७. मर्यादारेषेवरील कामगार

टेलिकॉलर स्वतः कोणत्या विम्याच्या छत्राखाली असतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. राज्य कामगार विम्याचा कायदा प्रारंभी बारमाही कारखान्यांपुरता होता. पुढे राज्य शासनांच्या अधिसूचनांद्वारे तो दुकाने व व्यापारी आस्थापनांपर्यंत विस्तारला. म्हणजे हथखोजच्या कारखान्यातील कामगार आणि कॉल सेंटरमधील कर्मचारी यांना एकच कायदा लागू होऊ लागला. अट एवढीच की मासिक वेतन ठरावीक मर्यादेच्या आत असावे. ही मर्यादा मूळ कायद्यात ४०० रुपये होती. ती २००६ मध्ये १०,००० रुपये, २०१० मध्ये १५,००० रुपये आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून अंशदानाचे दर कमी करून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्का ठरविण्यात आला.

महिना १८,००० रुपये वेतन असलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून या दराने १३५ रुपये वजा होतात आणि मालक ५८५ रुपये भरतो. या ७२० रुपयांत त्याचे कुटुंबही उपचाराच्या कक्षेत येते आणि पूर्वीच्या आजाराची चौकशी होत नाही. आजारपणातील रजेत पात्रतेनुसार वेतनाच्या ७० टक्के इतका भत्ताही मिळू शकतो. दिवसभर दुसऱ्यांना ऐच्छिक विम्याचे महत्त्व पटवून देणारी व्यक्ती स्वतः मात्र आडारकरांच्या योजनेची लाभार्थी असते. विक्री उत्तम झाली, पगारवाढ मिळाली आणि वेतन मर्यादारेषेपलीकडे गेले, की चालू अंशदान-काळ संपल्यावर ती या छत्रातून बाहेर पडते. मालकाने गट विमा दिला असेल तर ठीक, अन्यथा आजवर ती ज्यांना फोन करीत होती त्यांच्याच रांगेत तिला उभे राहावे लागते. तेथे तिलाही तोच प्रश्न विचारला जातो.

२०२० च्या महासाथीत हे वास्तव तीव्रतेने पुढे आले. दूरसंचार विभागाने घरून काम करण्याची मुभा दिल्याने कॉल सेंटर कर्मचाऱ्यांच्या घरांत शिरले. विमा प्राधिकरणाने एप्रिल २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी आणि जुलैमध्ये 'कोरोना कवच' आणली. रुग्णालयात जागा मिळेल का या चिंतेत असलेल्या लोकांना आजारविषयक प्रश्न विचारणे आणि त्याच वेळी स्वतःच्या घरातील तापाकडे लक्ष ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच खोलीतून करावी लागण्याचे ते दिवस होते.

दरम्यान शासनप्रणीत विम्याचा आणखी एक प्रवाह वाढला. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वार्षिक ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. छत्तीसगडने २०१२ मध्ये राज्याच्या योजनेद्वारे उर्वरित कुटुंबांनाही या कक्षेत आणले. महाराष्ट्रात २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने पुढे चालू राहिली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची आयुष्मान भारत योजना देशपातळीवर आली. या योजनांचा हप्ता शासन भरते. त्यामुळे येथेही विक्रेता नाही. खाजगी विमा त्यामुळे मागे हटला, असे मात्र झाले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य करण्यात आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सामाजिक सुरक्षा संहिता अमलात येऊन १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला.

८. समारोप

वरील विवेचनातून काही बाबी स्पष्ट होतात. आरोग्य विम्याची दूरध्वनीवरील विक्री हा केवळ तंत्रज्ञानाचा परिणाम नाही. सक्तीच्या अंशदानाची कक्षा जेथे संपली, तेथे ऐच्छिक विम्याचा बाजार सुरू झाला आणि त्या सीमेवर टेलिकॉलर उभा राहिला. हथखोजमध्ये ज्या कामगाराचे नाव हजेरीपटावर आले नाही तो, आणि कॉल सेंटरमध्ये ज्याचे वेतन मर्यादेपलीकडे गेले तो, हे दोघेही एकाच योजनेच्या कुंपणाबाहेर पडलेले आहेत. एकाला अभावाने बाहेर ठेवले, दुसऱ्याला किंचित बढतीने. दूरध्वनीच्या दोन टोकांना त्यांची भेट होते, तेव्हा ते परस्परांना ग्राहक आणि विक्रेता म्हणूनच ओळखतात.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने साधनांचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. गिरणी कामगारांच्या अभ्यासकाला संघटनांची दप्तरे, चौकशी समित्यांचे अहवाल, पत्रके आणि कामगारांच्या आठवणी उपलब्ध झाल्या. कॉल सेंटरमधील श्रमांची ध्वनिमुद्रित नोंद विपुल प्रमाणात निर्माण होते. परंतु ती व्यापारी मालमत्ता असते, ग्राहकांच्या खाजगी माहितीने भरलेली असते आणि मुदत संपल्यावर पुसली जाऊ शकते. जगातील कोणत्याही कामगारवर्गाचे इतके शब्द क्वचितच टिपले गेले असतील, आणि तरीही त्या शब्दांवर ना बोलणाऱ्याचा अधिकार आहे ना अभ्यासकाचा. म्हणून या कामातून बाहेर पडलेल्या व्यक्तींच्या मुलाखती, त्यांची परिभाषा, त्यांनी पाठ केलेल्या संहिता आणि त्या संहितेबाहेर जाऊन त्यांनी एखाद्या ग्राहकाला दिलेले सल्ले यांचे संकलन मराठीत पद्धतशीरपणे होणे निकडीचे आहे. हथखोजसारख्या वसाहतींत हे फोन घेणाऱ्या कामगारांच्या आठवणीही त्याच संकलनात याव्यात. दोन्ही बाजूंच्या साक्षी एकत्र ठेवल्याशिवाय, १९४४ मध्ये सर्वांसाठी एकच निधी कल्पिणाऱ्या योजनेचे पुढे काय झाले, याचा इतिहास पुरा होणार नाही.